कॉम्प्रेस्ड फाइल वाचायचा इंटरफेस: ‘संपली’ आणि ‘तुटली’ वेगळं कसं सांगायचं?

कळंबा_काठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती इथल्या जाणत्यांपुढं मांडतो. थोडं लांबेल.

गोकुळ शिरगाव आणि शिरोली एमआयडीसीतल्या काही फाउंड्रींसाठी आम्ही तिघं भट्टीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करतो. इंडक्शन भट्टीचं तापमान, किलोवॅट, हीट नंबर (भट्टीत वितळवलेल्या एका घाण्याचा क्रमांक), ऑपरेटरचा शेरा. दर सेकंदाला एक ओळ, म्हणजे आठ तासांच्या शिफ्टच्या २८,८०० ओळी. शिफ्टची एक फाइल, लिहितानाच जीझिप केलेली, म्हणजे दाबून लहान केलेली, कारण भट्टीजवळच्या छोट्या पीसीत जागा कमी आणि नोंदी मात्र वर्षानुवर्षं ठेवायच्या असतात.

गेल्या पावसाळ्यात एका फाउंड्रीत दुसऱ्या शिफ्टला लाइट गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली होती, पीसी जागेवर बंद पडला, फाइल अर्ध्यात तुटली. तुटल्याचं मला वाईट वाटत नाही, लाइट जाणारच. वाईट वाटतं ते पुढचं. रात्री आमच्या प्रोग्रामनं ती फाइल वाचली आणि शिफ्टचा रिपोर्ट छापला. सरासरी तापमान, कमाल तापमान, एकूण हीट, सगळं नीटनेटकं. ‘नोंद अपुरी’ असा एक शब्द कुठं नाही. तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाकडचा तपासनीस आला, त्यानं एका कास्टिंगच्या हीटचं ओततानाचं तापमान मागितलं, आणि ती हीट नोंदीत नव्हतीच. तिथल्या सुपरवायझरना उभं राहून उत्तरं द्यावी लागली. त्यांची काडीची चूक नव्हती. चूक आमच्या कोडची होती.

खोदल्यावर कळलं ते असं. आम्ही झेडलिब या जीझिप उलगडणाऱ्या लायब्ररीचं जीझेडरीड हे वाचायचं फंक्शन वापरत होतो. फाइल मध्येच संपली तर ते उणे एक देत नाही. जेवढं उलगडलं तेवढं देतं आणि मग शून्य. शून्य आलं म्हणजे संपली, असं धरून आमचा लूप बाहेर. फाइल अर्धवट होती हे सांगतं जीझेडक्लोज, झेड-बफ-एरर परत देऊन. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. पण फाइल बंद करताना मिळणारं उत्तर आम्ही कधी तपासलंच नव्हतं. वाचायच्या फाइलचं क्लोज कोण तपासतं?

म्हणून आता झेडलिब आणि झेडस्टँडर्ड (फाइल दाबायची दुसरी एक पद्धत) यांच्यावर एक पातळ थर लिहायला घेतलाय. सी मध्ये, पायथनला जोडता येईल असा. उलगडायचं काम त्या लायब्ररीच करणार, आमचं फक्त दार. आणि त्या दाराबद्दल माझा एकच हट्ट आहे: अर्धी फाइल वाचणाऱ्याला ती पूर्ण वाटता कामा नये, मग त्यानं कितीही घाईत कोड लिहिलेला असो.

सध्याचा आराखडा असा. वाच() या फंक्शनला तीनच उत्तरं. ‘माल’, म्हणजे एवढे बाइट मिळाले. ‘पूर्ण’, म्हणजे शेवटच्या आठ बाइटांतला सीआरसी (मजकूर बिघडला नाही ना, हे पडताळायचा आकडा) आणि लांबी दोन्ही जुळले. ‘तुटली’, म्हणजे बाकी सगळं. शून्य हे उत्तरच नाही. आणि ‘तुटली’ हे वाचतानाच कळणार, बंद करेपर्यंत थांबणार नाही.

काही गोष्टी मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. साइज() नाही, कारण जीझिपच्या शेपटात मूळ लांबी चार बाइटांत असते आणि ४ जीबीच्या पुढं ती पुन्हा शून्यापासून सुरू होते. ५ जीबीचा मजकूर १ जीबीचा दिसतो. खुद्द जीझिप प्रोग्रामचा लांबी दाखवणारा पर्याय २०२२ च्या १.१२ आवृत्तीपर्यंत मोठ्या फाइलींना चुकीचा आकडा दाखवत होता. जे उत्तर खात्रीनं देता येत नाही त्याचं फंक्शन ठेवू नये असं मला वाटतं. सीक(), म्हणजे फाइलीत हव्या त्या जागी उडी मारणं, ते पण नाही, त्याचं कारण विचारलंत तर सांगेन.

तुम्ही असं काही लिहिलं असेल तर कुठं अडलात ते सांगा. आराखड्यात भोक दिसलं तर तेही सांगा. आत्ता कळलेलं स्वस्त पडेल.

---

उद्यमनगरचा

भावा, मीही मशीन शॉपवाला, सीएनसीच्या नोंदी काढतो. तुझं दुखणं ओळखीचं आहे. पण दोन गोष्टी.

पहिली. शिफ्टभर एकच जीझिप प्रवाह उघडा ठेवता, तिथंच निम्मं नुकसान होतं. डिफ्लेट, म्हणजे जीझिपच्या आतली दाबायची रीत, आत बफर भरत बसतं. लाइट गेली तेव्हा तुमच्या डिस्कवर जे पोचलं त्याच्या मागे कितीतरी ओळी मेमरीतच होत्या. दर मिनिटाला सिंक-फ्लश करा, म्हणजे साचलेलं सगळं बाहेर ढकला. त्यानं बाइटाच्या सीमेवर एक रिकामा ब्लॉक लिहिला जातो, शेवटचे चार बाइट ०० ०० एफएफ एफएफ, आणि तिथपर्यंतचं सगळं उलगडता येतं. किंवा त्याहून बरं, दर मिनिटाला जीझिपचा नवा तुकडाच सुरू करा. एकामागोमाग एक जोडलेले तुकडे ही जीझिपमध्ये वैध फाइल आहे, झेडकॅट (जीझिप उलगडून दाखवणारी कमांड) मारलं की सलग मजकूर येतो. दर तुकड्याला डोकं १० बाइट आणि शेपूट ८ बाइट. शिफ्टचे ४८० तुकडे धरले तर ८,६४० बाइट. किरकोळ. प्रत्येक तुकडा कोरा सुरू होतो म्हणून फाइल थोडी फुगेल, पण तुटलं तर फक्त शेवटचं मिनिट जातं आणि आधीच्या प्रत्येक मिनिटाचा सीआरसी तपासलेला असतो.

दुसरी. तुझं ‘तुटली’ हे उत्तर मला पटतं, पण त्यानंतर काय? तुटलेली फाइल म्हणजे फेकायची फाइल नव्हे. त्या दिवसाची तेवढीच नोंद जगात आहे. तुझ्या दारानं ‘तुटली’ म्हणून हात वर केले तर माणसं पुन्हा जुन्या झेडकॅटकडं वळतील, आणि ते एरर स्क्रीनवर टाकतं, कुणी वाचत नाही.

---

जुना_सीवाला

धागाकर्त्याची कळकळ समजली. झेडलिबवर मात्र थोडा अन्याय होतोय, म्हणून लिहितो.

जीझेडरीड तुटलेल्या फाइलला एरर का देत नाही, याला कारण आहे. त्याला अशीही फाइल वाचायची असते जी दुसरा प्रोग्राम अजून लिहितोय. वाचता वाचता टोक आलं, पण पलीकडून अजून माल यायचाय. अशा वेळी एरर देऊन प्रवाह बाद केला तर पुढचं वाचताच येणार नाही. म्हणून मिळालं तेवढं देतं, खूण पुसून पुन्हा विचारायची मुभा देतं, आणि ‘अर्धवट राहिलं’ हा निर्णय बंद करेपर्यंत पुढं ढकलतं. वाचणारा थांबला की मगच ते अर्धवट ठरतं, हा विचार चुकीचा नाही. तो फक्त तुमच्या कामाचा नाही.

तेव्हा तुम्ही आधी ठरवा: तुमचा वाचणारा बंद झालेली शिफ्ट वाचतोय की चालू शिफ्ट? बाइट बघून हे दोन्ही ओळखता येत नाहीत. टोकाला दोघे सारखेच दिसतात. ते उघडताना सांगावं लागेल.

दुसरं. तुमच्या ‘माल’ या उत्तराचाही अर्थ नीट लिहा. सीआरसी शेवटी असतो. म्हणजे ‘पूर्ण’ येईपर्यंत दिलेला प्रत्येक बाइट कच्चा आहे. गो भाषेच्या जीझिप पॅकेजच्या दस्तऐवजात हे सरळ लिहिलंय, की शेवटची खूण मिळेपर्यंत वाचलेला मजकूर तात्पुरता समजा. बहुतेक लोक ती ओळ वाचतच नाहीत. तुमच्या हेडर फाइलमध्ये ती सगळ्यात वर लिहा.

आणि जीझिपची रचना सांगणारा १९९६ चा दस्तऐवज, आरएफसी १९५२, एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढा. छोटा आहे. मी हाताखालच्या प्रत्येक मुलाला वाचायला लावला.

---

कळंबा_काठ

काका, नमस्कार. चालू शिफ्टचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, आणि आमच्याकडं तो आहे. सुपरवायझरच्या केबिनमध्ये स्क्रीनवर चालू हीट दिसते, ती हीच फाइल वाचून. म्हणजे उघडायची दोन फंक्शनं होतील. ‘बंद फाइल उघड’ आणि ‘चालू फाइल उघड’. दुसऱ्यात चौथं उत्तर: ‘थांब’. पहिल्यात ते कधीच येणार नाही. एकाच फंक्शनला खरं-खोटं असा झेंडा जोडणार नाही, कारण सहा महिन्यांनी तो झेंडा कशाचा होता हे वाचणाऱ्याला आठवत नाही.

उद्यमनगरच्या दादांचं तुकड्यांचं पटलं, आजच लिहायला घेतो. आणि तुटलेली फाइल फेकायची नाही हेही मान्य. त्यासाठी तिसरं दार ठेवतो, ‘शाबूत तेवढं उघड’. त्यातून फक्त ज्यांचा सीआरसी जुळला तेच तुकडे बाहेर येतील, अख्खे. अर्धा तुकडा कधीच नाही. त्यासाठी प्रत्येक तुकडा आधी मेमरीत उलगडून तपासावा लागेल, पण मिनिटाचा तुकडा केवढासा असतो. शेवटी आकडा मिळेल: एवढे तुकडे शाबूत, इथून पुढं नाही. रिपोर्टला तो आकडा छापावाच लागेल.

---

पूररेषा

मी प्रोग्रामर नाही, भूगोलाची विद्यार्थिनी आहे, पण पायथनमध्ये रोज काम करते. पंचगंगेच्या पातळीच्या आणि पावसाच्या नोंदी गोळा करते. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. माझ्याकडं अनेक वर्षांच्या नोंदींची एक मोठी जीझिप फाइल आहे आणि मला बहुतेक वेळा त्यातला ऑगस्ट २०१९ चा एक आठवडा किंवा जुलै २०२१ चे चार दिवस लागतात.

पायथनमध्ये सीक आहे आणि ते चालतं. फक्त कधी पटकन होतं आणि कधी चहा करून येईपर्यंत संपत नाही. तुम्ही सीक देणारच नाही म्हणता. मग माझ्यासारख्यांनी काय करायचं?

---

कळंबा_काठ

ताई, तुम्ही जे लिहिलंत तेच माझं कारण आहे. ‘कधी पटकन, कधी चहा होईपर्यंत.’

डिफ्लेटमध्ये प्रत्येक जागी मागच्या ३२ किलोबाइट मजकुराचा संदर्भ असतो. ‘मागं इतक्या अंतरावर जे आलं होतं तेच पुन्हा’ अशा खुणांनीच ती फाइल लहान झालेली असते. म्हणून मधल्या एखाद्या बाइटापासून वाचायला सुरुवात करता येत नाही, आधीचं माहीत असावंच लागतं. पुढं सीक केलं तर पायथन मधलं सगळं उलगडून टाकून देतं. मागं केलं तर पुन्हा पहिल्या बाइटापासून सुरू करतं. तुम्ही ऑगस्ट वाचून जुलैकडं एक पाऊल मागं गेलात की अख्खी वर्षं पुन्हा उलगडली जातात. बाहेरून मात्र ते साध्या फाइलीच्या सीकसारखंच दिसतं. त्याच नावाच्या फंक्शनला एकीकडं क्षण लागतो आणि दुसरीकडं मिनिटं, हे वापरणाऱ्याला नावातून कळलं पाहिजे.

म्हणून साध्या जीझिपला मी फक्त ‘पुढं जा’ देणार. मागं जायचं तर फाइल पुन्हा उघडा, म्हणजे काय किंमत मोजताय ते तुमच्याच कोडमध्ये दिसेल.

तुमच्या कामाला खरं तर एकदा अनुक्रमणिका बनवून ठेवणं सोयीचं. झेडलिबच्याच उदाहरणांत झेडरॅन नावाचा प्रोग्राम आहे. तो फाइल एकदा सगळी उलगडतो आणि ठरावीक अंतरावर एक मुक्काम नोंदवतो: दाबलेल्या फाइलीत नेमका कितवा बिट, आणि त्या जागेआधीचा ३२ केबी मजकूर. नंतर जवळच्या मुक्कामापासून सुरू करता येतं.

---

जनुकवही

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात राहून जनुकांच्या माहितीवर काम करते. आमच्याकडं हा प्रश्न रोजचा आहे आणि तो सोडवलेलाही आहे, म्हणून सांगते.

आमच्या जनुकक्रमांच्या फाइली, ज्यांना बॅम म्हणतात, बीजीझेडएफ नावाच्या रचनेत असतात. ती म्हणजे दुसरं काही नाही, जीझिपचे छोटे तुकडे जोडलेली फाइल. एक तुकडा उलगडल्यावर ६४ केबीच्या आत. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यात, जीझिपनं जादा माहितीसाठी मोकळी ठेवलेल्या जागेत, त्या तुकड्याची दाबलेली लांबी लिहिलेली असते. त्यामुळं उलगडल्याशिवाय तुकड्यावरून तुकड्यावर उडी मारता येते. साधा जीझिप प्रोग्रामही ही फाइल वाचू शकतो, त्याला ती जादा माहिती कळत नाही एवढंच.

आणि पत्ता कसा देतात ते बघा. ६४ बिटांचा एक आकडा. वरचे ४८ बिट सांगतात तुकडा दाबलेल्या फाइलीत कुठं सुरू होतो, खालचे १६ बिट सांगतात उलगडलेल्या तुकड्यात कितवा बाइट. हा आकडा बेरीज-वजाबाकीचा नाही. ‘इथून हजार बाइट पुढं’ असं त्यात लिहिता येत नाही. पूर्वी मिळालेला पत्ता परत द्यायचा, बस. मला वाटतं कळंबा_काठ यांना हेच हवंय: ‘कुठं आहेस?’ विचारल्यावर मिळालेली चिठ्ठी, जी दाखवली की त्याच जागी नेऊन सोडतात.

पूररेषा ताई, तुम्ही तुमची फाइल महिन्याच्या तुकड्यांत पुन्हा जीझिप करा, काम हलकं होईल.

---

कळंबा_काठ

चिठ्ठी! हेच नाव ठेवतो. ज्या फाइलीत तुकडे आहेत तिच्यासाठी वेगळा प्रकार, त्यातच चिठ्ठी मिळेल. साध्या फाइलीच्या प्रकारात ते फंक्शनच नसेल, म्हणजे चूक कंपाइल होतानाच पकडली जाईल. झेडस्टँडर्डच्या फाइलीही फ्रेम, म्हणजे तिथले तुकडे, जोडून बनवता येतात, त्यामुळं दोन्हींना एकच आकार बसतोय.

---

मंगळवारपेठेतून

छोटा मुद्दा, पण राहू देऊ नका. तुमचं दार कुणी दिलेली फाइल उघडणार असेल, तर मर्यादा हवी. डिफ्लेट जास्तीत जास्त सुमारे १०३२ पट फुगू शकतं. म्हणजे दहा एमबीची फाइल पाठवून कुणी तुमच्यावर दहा जीबी ओतू शकतो. झेडस्टँडर्डमध्ये तर फ्रेमचं डोकंच सांगतं की मला एवढी खिडकी मेमरीत लागेल. त्यांचा डीकोडर प्रवाहातून वाचताना आपणहून १२८ एमबीच्या वर नकार देतो. तुमच्या भट्टीजवळच्या पीसीला तेही जास्त असेल.

मर्यादा ऐच्छिक ठेवू नका. उघडताना आकडा द्यायलाच लावा. ऐच्छिक ठेवलेली मर्यादा कुणी घालत नाही, आमच्या ऑफिसात हे भोगून झालंय.

---

उद्यमनगरचा

मेमरीवरून आठवलं. तुटलेली फाइल म्हणजे नुसती आखूड झालेली, असं धरू नका. अचानक लाइट गेल्यावर कधी कधी फाइलीची लांबी बरोबर दिसते आणि शेपटाकडं सगळे शून्य बाइट भरलेले असतात. फाइल सिस्टीमनं लांबी नोंदवली, माल पोचलाच नाही.

अशी फाइल एकदा उलगडून बघितली. शेवटपर्यंत ठीक ओळी, आणि मग एकच अंक ओळीनं शेकडो वेळा. घाबरलो होतो, सेन्सर बिघडला म्हणून. नंतर कळलं, डिफ्लेट जास्त येणाऱ्या अक्षराला छोटा कोड देतं, त्याला हफमन कोड म्हणतात, आणि त्याच्या मध्यावर शून्य बिटांची रांग आली की डीकोडरला ती सगळ्यात छोट्या कोडची रांग वाटते, आणि तो प्रामाणिकपणे तेच अक्षर लिहीत राहतो. आमच्या नोंदीत सगळ्यात जास्त येणारा अंक होता, तोच आला. काका म्हणतात ते ‘कच्चा माल’ म्हणजे हे. ते आकडे तापमान म्हणून सरासरीत गेले असते.

---

जुना_सीवाला

उत्तम उदाहरण. आणि याच्या उलट गोष्टही आहे. एका तुकड्याचं शेपूट नीट संपल्यावर पुढं शून्यं आली तर जीझिप प्रोग्राम ती सोडून देतो. जुन्या काळी टेपवर ब्लॉक पूर्ण भरायला शून्यं टाकत, म्हणून ही सवलत. तुमच्या दारात ती सवलत ठेवायची की नाही, ठरवा. मी ठेवणार नाही. भट्टीच्या पीसीला टेप नाही.

---

पूररेषा

एक शंका. माझ्या नोंदींत गावांची नावं देवनागरीत आहेत. मोठ्या फाइली तुकड्या-तुकड्यानं वाचताना मधूनच चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी. हे तुटण्याशी संबंधित आहे का?

---

कळंबा_काठ

नाही ताई, फाइल शाबूत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ‘भट्टी’ म्हणजे भ, ट, हलन्त, ट, दीर्घ वेलांटी: पाच चिन्हं, पंधरा बाइट. वाच() बाइट मोजून देतं, त्याला चिन्हं कळत नाहीत. बफर ८,१९२ बाइटांचा असेल तर त्याला तिनानं भाग जात नाही, आणि मध्ये इंग्रजी आकडे, स्वल्पविराम असतातच. म्हणजे कधीतरी एका चिन्हाचे दोन बाइट इकडं आणि एक तिकडं पडणारच. प्रत्येक बफर सुटा डीकोड केला की तिथं चौकोन येतो. पायथनमध्ये फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडलीत तर वरचा थर उरलेले बाइट सांभाळून पुढच्यात जोडतो. हातानं बाइट वाचून डीकोड करत असाल तर ते थांबवा.

आमच्या दारातही मी बाइटांचा थर आणि ओळींचा थर वेगळाच ठेवतोय. ऑपरेटरचे शेरे मराठीतच असतात, आणि तसे ते असावेत. लोकांना वाटतं तीन बाइटांमुळं मराठीच्या फाइली फुगतात. पण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट ई० ए४ किंवा ई० ए५, एवढेच असतात. दाबल्यावर तो फुगवटा बराच उतरतो.

---

जुना_सीवाला

दोन दिवस या धाग्यावर विचार करत होतो. कळंबा_काठ, तुमच्या नव्या रचनेत एक भोक आहे, आणि ते दर मिनिटाला नवा तुकडा सुरू करायच्या सल्ल्यानंच पडलंय.

फाइल जर नेमकी दोन तुकड्यांच्या मधोमध तुटली तर? समजा २११ वा तुकडा शेपटासकट पूर्ण लिहिला गेला आणि २१२ वा सुरू व्हायच्या आत लाइट गेली. उरलेली फाइल जीझिपच्या नियमानं निर्दोष आहे. सगळे सीआरसी जुळतील. तुमचं दार ‘पूर्ण’ म्हणेल. शिफ्ट मात्र साडेतीन तासांत संपलेली असेल.

पूर्वी एकच प्रवाह होता तेव्हा हे होत नव्हतं. आणि हे क्वचित घडेल असंही समजू नका. तुकडा संपला की तुम्ही डिस्कवर ढकलता आणि पुढच्या मिनिटाचा माल बफरमध्ये साचतो. म्हणजे डिस्कवरची फाइल बहुतेक वेळ नेमकी सीमेवरच उभी असते.

---

कळंबा_काठ

काका, हे वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून तपासलं.

४८० तुकड्यांची एक खरी शिफ्ट घेतली आणि ती प्रत्येक बाइटावर कापली. पहिला बाइट ठेवून, पहिले दोन ठेवून, असं करत शेवटच्या एका बाइटापर्यंत. प्रत्येक कापलेली फाइल दारातून वाचली. एकदाही ‘पूर्ण’ यायला नको होतं. ४७९ वेळा आलं. प्रत्येक सीमेवर.

जो एक हट्ट धरून सुरुवात केली तोच मोडलाय. जीझिपच्या रचनेत याचं उत्तर नाही. शिफ्ट संपल्याची ओळ मजकुरात लिहून ती शोधता येईल, पण मग दाराला मजकूर समजावा लागेल, आणि मला ते नकोय.

---

जनुकवही

उत्तर आहे, आणि ते आमच्याच फाइलींत रोज असतं. मी आधी सांगायला हवं होतं.

बीजीझेडएफच्या फाइलीच्या अगदी शेवटी एक ठरावीक २८ बाइटांचा तुकडा लिहितात. त्यात मजकूर काहीच नाही, तो रिकामा आहे. तो असला तर लिहिणाऱ्यानं फाइल समजून-उमजून बंद केली. नसला तर आमची साधनं इशारा देतात की शेवटाची खूण नाही, फाइल बहुधा कापली गेलीय. रिकामा तुकडा उलगडला की शून्य बाइट निघतात, त्यामुळं झेडकॅटलाही त्याचा त्रास नाही.

---

जुना_सीवाला

शाब्बास पोरी. हेच.

फक्त खूण साध्या रिकाम्या तुकड्याची नको, त्याच्या जादा माहितीच्या जागेत स्वतःची ओळख टाका. रिकाम्या मजकुराचा साधा जीझिप तुकडा २० बाइटांचा असतो, आणि एखाद्या मिनिटात नोंदच आली नाही तर तसा तुकडा मध्येही पडू शकतो.

---

कळंबा_काठ

केलं. काल रात्री बसून लिहिणाऱ्या बाजूला शेवटचा खुणेचा तुकडा जोडला, ओळख जादा माहितीच्या जागेत. त्यात एकूण तुकड्यांची संख्याही टाकली, म्हणजे मधला एखादा तुकडा गहाळ झाला तरी कळेल. ‘बंद फाइल उघड’ आता खूण दिसल्याशिवाय आणि संख्या जुळल्याशिवाय ‘पूर्ण’ म्हणत नाही. खुणेनंतर एकही बाइट चालत नाही, शून्यही नाही. शून्य बाइटांची फाइल ‘तुटली’. पहिले दोन बाइट १एफ ८बी नसतील तर ‘ही जीझिप नाही’. झेडलिबसारखं साधा मजकूर समजून गुपचूप वाचत बसत नाही, कारण सगळी शून्यं झालेली फाइलही मग साधा मजकूर ठरते.

पुन्हा प्रत्येक बाइटावर कापून वाचली. ‘पूर्ण’ शून्य वेळा. मग प्रत्येक कापलेल्या फाइलीला पुढं शून्यं जोडून मूळ लांबीची केली आणि पुन्हा वाचली. तिथं फक्त अगदी शेवटच्या काही बाइटांवर ‘पूर्ण’ आलं, कारण रिकाम्या खुणेच्या तुकड्याचं शेपूट मुळातच शून्यांचं असतं, म्हणजे ती फाइल पुन्हा हुबेहूब मूळ फाइलच झाली होती. बाकी एकदाही नाही.

जुन्या फाइलींना खूण नाही. त्यांच्यासाठी चौथं दार ठेवावं लागलं, ‘खुणेविना उघड’, आणि त्याचं उत्तर ‘पूर्ण’ नसून ‘जेवढं आहे तेवढं जुळलं’ असं आहे. रिपोर्टवरही तेच शब्द छापतोय. त्या फाउंड्रीत परवा जाऊन सुपरवायझरना जुन्या शिफ्टांचे नवे रिपोर्ट दिले. अकरा शिफ्टा अपुऱ्या निघाल्या. त्यांनी प्रत्येकीची तारीख वहीत उतरवून घेतली.

---

उद्यमनगरचा

त्या कापलेल्या फाइली फेकू नको भावा. माझ्या सीएनसीच्या वाचकावर चालवून बघायच्यात. पेनड्राइव्ह घेऊन शनिवारी येतो.

---

पूररेषा

मलाही द्या. ऑगस्ट २०१९ च्या माझ्या नोंदींत चार दिवस सलग नाहीत. आजवर मला वाटत होतं की त्या पुरात केंद्रच बंद होतं. आता आधी फाइल तपासते.